पंप ज्याच्या पाठीवर, निरोप त्याच्यापर्यंत

आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने परवा विचारलं, "ताई, सुरक्षित फवारणीची पीडीएफ आली आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की झालं ना?" त्याने मनापासून विचारलं होतं. वरून माहिती मागतात तीही तशीच असते, किती गावं, किती गट, किती शेतकरी. चहा संपेपर्यंत मी त्याला जमेल तेवढं सांगितलं, पण बरंच राहून गेलं. ते इथे लिहिते. यवतमाळच्या कापूसपट्ट्यात कृषी सहायक म्हणून काम करताना मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा विषय हाच आहे. माहिती आपल्याकडे भरपूर असते, पण ती कोणाला, कुठे, कोणत्या वेळी आणि कशातून द्यायची हे ठरवण्यातच खरी मेहनत असते.

आधी त्या ग्रुपमध्ये कोण असतं ते पाहू. जमिनीचा मालक असतो. त्याचा अमरावतीला किंवा पुण्याला शिकणारा मुलगा असतो. सरपंच, पोलीस पाटील, कृषी केंद्रवाले, पीकविम्याचं काम बघणारे असतात. आता जुलै-ऑगस्टात सकाळी वावरात जाऊन बघा. पाठीवर पंप कोणाच्या असतो? सालगड्याच्या, रोजंदाराच्या, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून किंवा कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, म्हणजे पोडावरून, कामाला आलेल्या माणसाच्या. लहान शेतकरी स्वतः फवारतो, पण तोही इतरांच्या वावरात मजुरीने जातो. त्याच्याकडे बहुतेक वेळा बटणांचा फोन असतो आणि तो घरी बायकोजवळ असतो. एकाने मला सरळच सांगितलं, "वावरात मोबाईल कोण नेते मॅडम? औषधानं खराब होते." पीडीएफवर उमटलेल्या निळ्या टिका मालकाच्या घरातल्या असतात. फवारणारा त्या वेळी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पाणी भरत असतो.

२०१७ साली आमच्या जिल्ह्यात जे घडलं ते इथल्या कोणालाच विसरता येत नाही. पावसाळ्याच्या शेवटच्या महिन्यांत कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याच्या वर गेली होती. उंच झाडावर फवारायचं तर नोझल वर धरावं लागतं आणि तुषार तोंडावर, छातीवर येतात. उकाडा आणि दमट हवा, घामाने ओलं अंग, दोन-तीन कीटकनाशकं एकत्र कालवण्याची सवय, अंगावर साधा सदरा. त्यावर राज्यभर चर्चा झाली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. त्यानंतर पत्रकं, भित्तिपत्रकं, चित्रफिती, संरक्षक किट असं खूप काही आलं आणि ते यायलाच हवं होतं. पण मेलेल्यांत शेतमजूरही होते. वावर त्यांच्या नावावर नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांच्या कुठल्याच यादीत ते नव्हते. आपण यादी बघून निरोप पाठवतो आणि यादीत नसलेला माणूस पंप उचलतो. माझं सगळं म्हणणं इथून सुरू होतं.

म्हणून पत्रक हातात आलं की मी ते आधी फोडते. एकाच कागदावर आठ-दहा सूचना असतात आणि त्यातली प्रत्येक सूचना वेगळ्या माणसासाठी असते. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, हे फवारणाऱ्यासाठी. भर दुपारी फवारणी थांबवा, हे मालकासाठी. कारण बऱ्याच ठिकाणी मजुरी पंपामागे ठरते. "पंपावर पैसे हायेत आपले, थांबलो तं गेले," असं म्हणणाऱ्या माणसाला विश्रांतीचं महत्त्व सांगून काय होणार? ते मालकाला सांगायचं, तेही चारचौघांत नाही, त्याच्या ओसरीवर बसून. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, हे घरातल्या बाईसाठी, कारण ते कपडे धुणारे हात तिचे आहेत. दोन औषधं एकत्र करू नका, हे आधी दुकानदारासाठी. आणि त्रास झाला तर रिकामा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत घेऊन दवाखान्यात जा, हे अख्ख्या वस्तीसाठी. ज्याला त्रास होतो तो तेव्हा डबा शोधण्याच्या स्थितीत नसतो. डबा शेजाऱ्याने उचलायचा असतो आणि ऑटोवाल्यालाही माहीत असायला हवं की डबा घेतल्याशिवाय निघायचं नाही. डॉक्टरला विष कोणतं ते कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

फवारणाऱ्याला मी कागद देत नाही. त्याला दाखवते. होळीचा उरलेला गुलाबी रंग पाण्यात कालवायचा, नेहमीचाच पंप घ्यायचा, आणि एखाद्या तरण्या गड्याला जुना पांढरा सदरा-पायजमा घालून पऱ्हाटीच्या दोन ओळी फवारायला लावायच्या. एकदा वारा पाठीशी घेऊन, एकदा वाऱ्यावर तोंड करून. मग त्याला सगळ्यांच्या मध्ये उभं करायचं. मांड्यांवर गुलाबी पट्टे दिसतात, कारण नुकत्याच फवारलेल्या झाडांतून तो चालत गेलेला असतो. पाठीवर कमरेपाशी मोठा डाग असतो, पंपाचं झाकण नीट लागत नाही म्हणून. बाह्यांवर, कॉलरवर बारीक ठिपके. वाऱ्यावर तोंड केलेल्या फेरीनंतर तर गालावरही रंग. मी काहीच बोलत नाही. जमलेली माणसंच त्या सदऱ्याकडे बोट दाखवून बोलायला लागतात. "अरे, पाठीवर रंग किती हाय!" मग कोणीतरी स्वतःचा पंप उलटा करून वायसर बघतो. मग मी विचारते, याच हाताने खर्रा, तंबाखू-सुपारी, कोण खातो? हात वर होत नाहीत, पण सगळे आपापल्या तळव्यांकडे बघतात. नोझल अडकलं की तोंडाने फुंकायची सवयही तिथेच निघते. त्यासाठी बारीक तार किंवा जुना दातांचा ब्रश खिशात ठेवायचा, हे मी सांगायच्या आधी त्यांच्यातलाच एखादा सांगतो. पंधरा-वीस मिनिटांत जे होतं ते सहा पानांच्या पुस्तिकेने होत नाही, कारण पुस्तिकेत दुसऱ्या कोणाचं तरी अंग असतं.

हे प्रात्यक्षिक ग्रामपंचायतीच्या सभागृहात ठेवलं तर येतात मालक. धुऱ्यावर ठेवलं आणि सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आधी ठेवलं तर येतात फवारणारे. जागा आणि वेळ हेसुद्धा माध्यमाचेच भाग आहेत असं मी मानते. अकरा वाजता बैठक ठेवली की मजूर त्यातून वगळला जातो. तसं कोणी ठरवलेलं नसतं, पण होतं तसंच.

डब्यावरच्या रंगांचंही तसंच. कीटकनाशकाच्या डब्यावर चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. वाचता न येणाऱ्यालाही समजावं म्हणून केलेली ही सोय फार चांगली आहे. पण रंगांचा क्रम कोणीतरी एकदा सांगावा लागतो, नाहीतर लाल म्हणजे जोरदार, लवकर गुण येणारं, असा अर्थ माणूस आपल्या मनाने लावतो. हे मी रिकामे, धुतलेले डबे एका ओळीत मांडून सांगते. सोबतची माहितीपत्रिका घडी उघडली की हातभर लांब होते आणि तिच्यावरची अक्षरं चष्मा असणाऱ्यालाही दिसत नाहीत. ती पत्रिका डॉक्टरसाठी जपून ठेवायची, एवढंच मी फवारणाऱ्याला सांगते.

दुकानाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण आपल्या कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती नेण्याच्या कामात ही जागा नेहमी कमी धरली जाते. शेतकरी अळी घेऊन, पान घेऊन आधी कृषी केंद्रात जातो. तिथे उधारी असते, ओळख असते, आणि ज्या घडीला निर्णय होतो ती घडी तिथलीच असते. चावडीवर ऐकलेली गोष्ट दुकानाच्या फळीपाशी पोचेपर्यंत पुसट झालेली असते. म्हणून मी काही दुकानदारांना फळीवर, पैसे मोजायच्या जागी, एक पुठ्ठा ठेवायची विनंती केली आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच आहे: किती पतंग सापडले? किती बोंडं फोडून पाहिली? गुलाबी बोंडअळीसाठी हे दोन प्रश्न पुरतात. वासाने पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा वीस हिरवी बोंडं फोडल्यावर दोनात अळी निघाली, तरच फवारणीचा विचार करायचा. हा पुठ्ठा दुकानात असला की दुकानदारालाही विचारायला सोपं जातं आणि शेतकरी मोजल्याशिवाय आला तर परत जाऊन मोजून येतो. सगळेच तसं करत नाहीत. पण काही जण करतात, आणि तेवढ्या फवारण्या वाचतात. कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाची पदविका आहे, हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ साली सुरू केलेली. ती करून आलेले दुकानदार बोलताना लगेच ओळखू येतात.

भोंगा मी एका वाक्यासाठी वापरते. ग्रामपंचायतीचा असो, मंदिराचा असो, त्यावरून समजावून सांगायचं नसतं. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा तेव्हाही एवढंच असायचं, काय, कधी आणि कुठे. "उद्या वारा जोराचा आहे, फवारणी करू नका." झालं. हे वाक्य रात्री जेवणं आटोपल्यावर एकदा आणि पहाटे माणसं घराबाहेर पडायच्या आत एकदा. दिवसा भोंगा वाजवला तर गावात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात.

बायकांपर्यंत पोचायला बचत गटाची बैठक. हप्ते भरून झाले, रजिस्टर मिटलं की पाच मिनिटं मागून घ्यायची. तिथे मी फक्त घरातलं बोलते. फवारणीचे कपडे बाकीच्या धुण्यात घालायचे नाहीत, रिकाम्या डब्यात तेल-पाणी भरायचं नाही, डब्याला भोकं पाडून ठेवायची म्हणजे तो कोणी वापरणार नाही, आणि नवरा घरी आल्यावर चेहरा, डोळे, घाम, लाळ याकडे लक्ष ठेवायचं. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाला तर उन्हाने झालं असेल म्हणून झोपवायचं नाही. एका बैठकीत एक बाई म्हणाली, "पाणी तं मीच आणून देतो मॅडम, अन् औषधही मीच ढवळतो." तोवर त्या गावातल्या कोणत्याही चर्चेत औषध कालवणारी बाई आहे हे आलंच नव्हतं. मग हातमोजे आणि लांब काठी हे बोलणं तिच्याशी झालं.

मग व्हॉट्सॲप नकोच का? असं अजिबात नाही. ते उलट्या दिशेने फार उपयोगी आहे. शेतकरी फुलाचा फोटो पाठवतो, ते डोमकळी झालेलं आहे की नाही हे मला पाच मिनिटांत सांगता येतं. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या दिसल्या तर ते फूल तोडून आतली अळी मारायला सांगते. सापळ्याचा फोटो येतो, त्यात पतंग मोजता येतात. सापळ्यातली वासाची गोळी, ल्यूर, कधी बदलली, हे विचारता येतं. पीडीएफऐवजी मी आवाजाचा निरोप पाठवते, एक मिनिटाच्या आतला, आणि शक्य असेल तर माझा नाही. ज्याने गेल्या वर्षी मोजून फवारलं आणि ज्याचा कापूस बरा झाला, अशा गावातल्याच माणसाचा. तो निरोप माणसं ओट्यावर फोन ठेवून चार जणांना ऐकवतात. फोन एकाचा असला तरी कान चौघांचे होतात.

बटणांच्या फोनवर एसएमएस येतो. पिकांवरच्या किडींवर नजर ठेवणाऱ्या क्रॉपसॅपसारख्या सरकारी प्रकल्पातून कीडरोगाचे सल्ले त्यावर जातात आणि ज्याला वाचता येतं त्याला ते खरंच उपयोगी पडतात. काही जुन्या फोनवर मात्र देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. अशा घरात मी किसान कॉल सेंटरचा नंबर, १८००-१८०-१५५१, खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहून देते. बोलून विचारता येतं, पैसे लागत नाहीत, मराठीत उत्तर मिळतं.

आता सगळ्यात अवघड निरोप. फरदड घेऊ नका. म्हणजे डिसेंबरच्या शेवटी वेचणी संपवा, पऱ्हाट्या उपटा, पाणी देऊन आणखी दोन वेचे घेण्याचा मोह सोडा. त्यामागचं कारण साधं आहे. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते. पीक वावरात उभं राहिलं की तिला पुढच्या हंगामापर्यंत अन्न मिळत राहतं आणि पुढच्या जूनमध्ये ती तयारच असते. हे आता सगळ्यांना माहीत आहे. भोंग्यावर सांगून झालं आहे, भिंतींवर रंगवून झालं आहे. तरी जानेवारीत पऱ्हाटी उभी दिसते. कारण इथे माहितीची उणीव नाही. "उपटून टाका म्हणता, अन् झाडावर दिसून राहिलं ते बोंड कोणाचं?" हा प्रश्न पैशाचा आहे. शिवाय एकट्याने उपटून भागत नाही, शेजाऱ्यानेही उपटायला हवी. असा निरोप कोणत्याही एकतर्फी माध्यमातून जात नाही. त्याला बैठक लागते, तिथे माणसं भांडतात, हिशेब मांडतात, एकमेकांकडे बघून ठरवतात. हरभरा किंवा गहू घेता येईल का, पाणी कोणाकडे आहे, पऱ्हाट्या काढायला यंत्र कोण आणेल, अशा गोष्टींवर बोलणं होतं तेव्हा तो निरोप खरा पोचतो.

हे मला सुचलेलं काही नवीन नाही. १९५६ साली पुण्यात आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचं श्रोता मंडळ होतं. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम लागायचा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाने एकत्र बसून ऐकायचं, लगेच त्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून आकाशवाणीला पाठवायचे, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. ऐका, चर्चा करा, करून पाहा, असं त्याचं सूत्र होतं. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं आणि त्यात ज्या गावांत नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, अशी गावंही तपासली. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली, नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. कार्यक्रम तेच आणि आवाजही तोच. फरक होता तो ऐकून झाल्यावर एकत्र बसून बोलण्याचा. व्हॉट्सॲपच्या काळात मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो. आपण आज आवाज पाठवतो, चित्रफीत पाठवतो, पण नंतरचं बसणं कोणी आखत नाही. ग्रुपवर निरोप गेल्यानंतर त्याच संध्याकाळी पारावर अर्धा तास बसायचं ठरलं, तर त्या निरोपाचं काहीतरी होतं. शेतीशाळेत, म्हणजे वावरात गटाने बसून शिकण्याच्या वर्गात, आपण हेच करतो, आणि म्हणून शेतीशाळा ही माझ्या मते आपल्या खात्याची सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

तांड्यावर आणि पोडावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तांड्यावर मी आधी नायकाला भेटते, बैठक त्याच्या शब्दावर जमते, आणि तिथली एखादी शिकलेली मुलगी त्यांच्या गोरबोलीत सांगते. कोलाम पोडावर चावडीत बसते. म्हाताऱ्या माणसांना मराठी समजतं, पण घाईचं, कागदातलं मराठी समजत नाही. तिथे गुलाबी रंगाचा पंप सगळ्यात जास्त बोलतो. शब्दांची गरज पडते ती त्रास झाल्यावर काय करायचं हे सांगताना, आणि तिथे मला कोलामी बोलणारं माणूस सोबत हवं असतं.

तेव्हा ज्यांनी हे इथवर वाचलं त्यांना एक मागणं आहे. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजीकडे काम करणाऱ्या कोणाकडे फवारणी आणि विषबाधेबद्दल कोलामी किंवा गोंडीत रेकॉर्ड केलेले छोटे निरोप असतील तर मला कळवा. नसतील तर आपण करू. बोलणारा त्याच पोडावरचा हवा, आणि शक्यतो स्वतः फवारणी करणारा. मोड्यूल, लोगो, संगीत काही नको. डबा सोबत घ्या, कपडे काढून अंग धुवा, लगेच दवाखान्यात न्या, एवढं तीन वाक्यांत हवं. ऑगस्टची पहिली फवारणी सुरू व्हायच्या आत ते लोकांच्या कानावर गेलं पाहिजे.